तिसरा रकाना

शिरढोणकर सरांनी वाटलेल्या कागदावर तीन रकाने होते.
बारावीनंतर कुठे? पसंतीक्रमाने लिहा.
मी मॉनिटर, म्हणून गोळा करायचं काम माझं,
आणि वाचायचं नाही, हेही माझंच काम.

स्टाफरूमपर्यंत अठ्ठावीस पायऱ्या आहेत.
चौदाव्या पायरीवर बसून मी सगळे वाचले.

पहिल्या रकान्यात आगगाड्या होत्या.
मुकुल शितोळे पुण्याला, शिवानी भदौरिया दिल्लीला,
तोमरने नुसतंच लिहिलं होतं ‘बाहेर’,
अफशांने कोटा, आणि पुढे ‘अब्बू तयार झाले तर’.
दुसऱ्यात भोपाळ, इंदूर,
म्हणजे त्याच गाड्या, जरा अलीकडे उतरलेल्या.

आणि तिसऱ्यात
एकेचाळीस कागदांवर
एकच नाव.
झाशी रोडचं पॉलिटेक्निक.
कोणी पेन्सिलीने, कोणी नुसतं ‘झा. रो.’,
कोणी इतकं बारीक, जशी औषधाच्या बाटलीवरची तारीख.
मुकुलनं लिहून खोडलं होतं, खोडून पुन्हा लिहिलं होतं,
कागद तिथे पातळ झाला होता.

वर्गात आम्ही त्या नावाला हसतो.
“तिथे तर कोणीही जातं,” म्हणतो,
आणि कोणीही म्हणजे कोण, ते बघायला मागे वळत नाही.
घरून डबा नेण्याचं कॉलेज.
ज्याला रिझर्वेशन लागत नाही.
दादा बंगळूरला गेला तेव्हा आठ माणसं स्टेशनवर होती,
गजकचे दोन डबे, आईचे डोळे,
काकांनी उगाच जास्त काढलेली प्लॅटफॉर्म तिकिटं.
टेंपोत बसणाऱ्याला कोण हात हलवणार?
संध्याकाळी पाचला तर तो परत येणार.

एक कागद वेगळा होता. रेवती खांडवेकर.
पहिल्याच रकान्यात झाशी रोड, शाईने, पूर्ण नाव,
खाली ‘इलेक्ट्रिकल’.
पुढचे दोन रिकामे.
आधी वाटलं, विसरली.
मग वाटलं, पैसे नसतील.
मग स्वतःचा राग आला, पण थोडाच.

मधल्या सुट्टीत विचारलं. ती पेरू खात होती.
म्हणाली, “लोहिया बाजारात, बाबांच्या दुकानी
जळक्या मोटारी येतात. तार गुंडाळायला शिकलेय मी.
पण जळतात का, ते बाबांना सांगता येत नाही.”
मी म्हटलं, अगं पण तुझे मार्क...
“मग? तिथे चांगले मार्क चालत नाहीत का?”
आणि उरलेला पेरू मला दिला,
बिया जास्त असलेला अर्धा.

सरांनी गठ्ठा घेतला. मोजला नाही.
सगळ्या कागदांच्या तिसऱ्या रकान्यावरून
त्यांचा अंगठा फिरत गेला.
“दर वर्षी,” एवढंच म्हणाले.
टेबलावर त्यांची ती पिवळी पडलेली फुटपट्टी उलटी पडली होती.
मागे ब्लेडने कोरलेलं:
व. शिरढोणकर, मेकॅनिकल, दुसरं वर्ष.
दोन वर्षं तिनेच आम्ही समास आखत आलो.

आज कंपूवरून घरी जाताना
टेंपोवाला ओरडला, “पॉलिटेक्निक, पॉलिटेक्निक!”
मी उतरले. का, ते माहीत नाही.
फाटकापाशी कडुनिंब, सायकली,
ड्रॉइंग बोर्ड डोक्यावर छत्रीसारखा धरून
उन्हातून येणारा एक मुलगा.
आत कुठेतरी लेथ सुरू होत होतं, थांबत होतं.
खिडकीतल्या बाबूने वर न बघता विचारलं, “किसके लिए?”
आणि मी,
जिच्या तिसऱ्या रकान्यात पेन्सिल आहे,
म्हणाले, “सहेली के लिए.”

त्याने दोन फॉर्म दिले.
“एक बिगड़ता है,” म्हणाला, “सबका बिगड़ता है.”